रविवारची चावानमुशी

सायकलचा ब्रेक लागलाच नाही... आणि सुलेखा थेट समोरच्या तरुणाच्या पिशवीवर जाऊन आदळली!

ब्राउनश्वाइगच्या बाजारात, ओल्या फरसबंदीवर अंड्यांचा पिवळाजर्द सडा पडला.

"माफ करा हं... लागलं का तुम्हाला?" तिने घाईघाईने जर्मनमध्ये विचारलं.

"मला नाही. माझ्या चावानमुशीला लागलं." चेहरा गंभीर, पण डोळे हसत होते.

तो हारुओ. पुलांच्या बांधणीवर संशोधन करायला क्योटोहून आलेला. ती पुण्याची, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारी. साल होतं १९६१. चावानमुशी म्हणजे कपात वाफवलेलं, मिठाचं, अंड्याचं कस्टर्ड... इतकं नाजूक की चमचा लागताच थरथरावं, असं त्याने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

"अंडी मी फोडली, मीच करून देते," ती म्हणाली.

"तुम्ही? अवघड असतं ते."

झालं! अवघड म्हटलं की सुलेखा हटून बसायची.

घरमालकिणीने रविवारी दुपारी स्वयंपाकघर वापरू दिलं. सुलेखाने सुकी अळंबी भिजवून त्यांचं पाणी घेतलं, त्यात अंडी आणि हारुओच्या बाटलीतला थोडा सोया सॉस हलकेच फेटला, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळलं, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात कप ठेवून वर घट्ट झाकण लावलं.

उघडून बघते तर सगळी जाळी पडलेली.

"छान झालाय," हारुओ म्हणाला, "...स्पंज!"

"हसा! पुढच्या रविवारी या, मग बघा."

"येतो. नक्की येतो." जरा जास्तच पटकन म्हणाला तो.

पुढच्या रविवारी पाणी सुटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जाळी. पानगळ संपली, बर्फ पडू लागलं, आणि कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ती पातेल्याकडे बघायची, आणि तो — तिच्याकडे.

"राहू दे ना आता..."

"जमल्याशिवाय सोडणार नाही."

जानेवारीतल्या एका रविवारी तिने आच अगदी मंद केली. अंड्याला एवढी वाफ सोसत नसणार, असं म्हणत झाकणाखाली लाकडी चमचा अडकवला. हारुओचं हसू एकदम मावळलं.

या वेळी कपात साईसारखा गुळगुळीत थर होता. चमचा लागला... आणि तो थरथरला!

"जमलं!" तिने टाळी वाजवली. हारुओने घास घेतला, पण त्याचा चेहरा पडलेलाच.

"चव नाही का आली?"

"आली. अगदी हवी तशी. पण आता पुढच्या रविवारी कुठल्या निमित्ताने येऊ?" तो कानापर्यंत लाल झाला. "खरं सांगू? झाकण किलकिलं ठेवायचं असतं... मला पहिल्यापासून माहीत होतं."

"आणि मी इतकी अंडी नासवली!"

"रागावलीस?"

"खूप." असं म्हणत तिने त्याच्याच कपातला घास घेतला.

"सुलेखा... मला तू आवडतेस. पण उन्हाळ्यात मला परत जायचंय. तुझ्या घरी मी चालेन?"

"आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. तू कसा चालशील?"

त्याने मान खाली घातली.

"बाबा चिडतील, आई रडेल," ती शांतपणे म्हणाली. "मी समजावेन. ऐकेपर्यंत समजावेन. आणि डॉक्टरेट झाली की क्योटोला येईन."

"तू मला लग्नाचं विचारते आहेस?"

"नाही, सांगतेय."

त्याने तिचा हात हातात घेतला... आणि दुसरा कप तसाच गार होत राहिला.