रिठ्याचा फेस, अंड्याचा फेस

"थोडा फेस देतेस का?"

सुकरीनं वर पाहिलं. पौषातली सकाळ, ओहोळावर अजून धुकं होतं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातला एक तरणा गडी हातात भांडं घेऊन तिच्यापुढे उभा होता... कोपरापर्यंत अंड्यानं माखलेला.

ती राजवाड्यातली रेशमी लुगडी धूत होती. रात्रभर भिजवलेली रिठ्याची सालं तिनं कोमट पाण्यात चोळली होती आणि घंगाळ फेसानं काठोकाठ भरलं होतं.

"हा फेस खाल्लास तर तोंड कडू होईल," ती म्हणाली.

"मला नाय, साहेबाला खायचाय." तो घाबरलेला होता, तरी हसला. "मुंबईचा पाहुणा आलाय शिकारीला. त्याचं पुडिंग करायचंय. अंड्यातलं पांढरं घुसळून घुसळून हात मोडले, पण फेस येत नाय."

सुकरीनं भांड्यात डोकावून पाहिलं. कडेला तुपाचा तवंग चमकत होता.

"तेलकट कापड पडलं की माझापण फेस बसतो," ती म्हणाली. "भांडं राखेनं घास. मग बघ."

तो तिथंच बसला आणि भांडं घासू लागला. त्याचं नाव नवसू, गाव पोशेरा. मुदपाकखान्यात लागून त्याला वर्षच झालं होतं.

दुपारी तो पळसाच्या पानावर पुडिंगचा तुकडा घेऊन आला. सुकरीनं तो जिभेवर ठेवला आणि तो विरघळून गेला.

"गोड हाय... पण खाल्लं काय तेच कळलं नाय."

"त्यात वाराच असतो. नवी अंडी घेतली, बांबूच्या कामट्यांच्या कुंच्यानं घुसळली, मग साखर घालून वर-खाली निखारे ठेवले. वारा आतच राहिला."

"आणि रोज वारा खायला घालशील?"

"रोज आलो तर चालंल?"

तिनं मान खाली घालून लुगडं फेसात बुडवलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं रिठे फोडायला दोन दगड आणले, एक त्याच्यासाठी.

तो येत राहिला. बिया काढून सालं वेगळी करायला शिकला. रेशीम आपटायचं नाही, फेसात बुडवून नुसतं दाबायचं, हे तिनं त्याचा हात धरून दाखवलं... आणि मग तो हात सोडायला दोघांनाही जरा वेळच लागला.

पाहुणा निघायच्या आदल्या दिवशी नवसू हातातला दगड नुसता फिरवत बसला.

"साहेब म्हणतो, मुंबईला चल. त्याच्या बंगल्यावर स्वयंपाकाला."

सुकरी लुगडं दाबत राहिली. तिचा बाप, बुधा, ताडावरून पडून अधू झाला होता. त्याला सोडून ती कुठं जाणार? नवसूला हे माहीत होतं.

"तू काय म्हणतेस?" त्यानं विचारलं.

"मी राहा म्हटलं, तू राहिलास, आणि मग जन्मभर मुंबई आठवून माझ्याकडे बघत बसलास तर?"

नवसूनं दगड खाली ठेवला. तो उठून गेला.

संध्याकाळी मात्र तो तिच्या पाड्यावर आला. बुधानं त्याला अंगणात बसवलं, शेजाऱ्यानं आणून दिलेल्या ताडीचं मडकं पुढे ओढलं. वर आलेला फेस त्यानं फुंकरीनं बाजूला सारला.

"हा कुणी घुसळत नाय," बुधा म्हणाला. "उन्हं चढली की आपला आपण येतो. बोल, काय काम काढलंस?"

"उद्या साहेबाला सांगायचंय. मला जायचं नाय." नवसू बुधाशी बोलत होता, पण नजर दारात उभ्या सुकरीकडे होती. "बंगला बघायला आवडला असता, खोटं कशाला बोलू? पण तिथं संध्याकाळ झाली की मी कुणाकडे जाऊ? हे मी माझ्याच मनानं ठरवलंय. तिनं नाय म्हटलं तरी राजवाड्यातच राहीन."

सुकरीनं दाराची चौकट घट्ट धरली. 

"भात झालाय," ती कशीबशी म्हणाली. "जेवून जा."

बुधा मिशीत हसला. "जेवून जा, का जेवायला येत जा? पोरी, नीट सांग. त्याला उद्या साहेबापुढं उभं राहायचंय."

सुकरीनं नवसूकडे पाहिलं. आता नजर वळवायची नाही, असं तिनं ठरवलं.

"येत जा," ती म्हणाली. "रोज."