चौऱ्याहत्तर नंबरचा चिमटा

"वर घे! अगं, वर घे ना!" लंबू बोंबलला.

"घेतेय! ऐकतच नाहीये ते!"

घुमीने रिमोटची दांडी पार पोटाकडे ओढली. काही उपयोग झाला नाही. निळ्या पंखांच्या विमानाने एकदम मान टाकली, दोन वेड्यावाकड्या गिरक्या घेतल्या आणि मैदानाच्या टोकाला ते नाकावर आपटलं. फट्!

शेडमधून सचिवसाहेब तरातरा बाहेर आले. मैदानावरच्या विमान क्लबचे सगळे नियम त्यांनीच लिहिलेले होते आणि ते सगळे त्यांना तोंडपाठ होते.

"झालं समाधान? खेळणं वाटलं का हे?"

"मी काही केलं नाही. दांडी ओढली तरी ते..."

"चिमटा कुठाय तुझा?"

घुमीने फ्रॉकच्या खिशाला लावलेला चिमटा दाखवला. साधा कपड्यांचाच चिमटा, पण त्यावर रंगाने लिहिलं होतं, ७४.

"म्हणजे हा नंबर फक्त तुझ्याकडे होता. दुसऱ्या कुणाचा रिमोट आड येण्याचा प्रश्नच नाही. चूक तुझीच! उद्या दहाला बैठक आहे. मुलांना मैदान बंद, असा ठरावच मांडतो."

सचिवसाहेब आले तसे गेले. दहा-बारा मोठी माणसं बघत होती. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मोठ्यांना गप्प बसायला कुणी शिकवावं लागत नाही!

घुमी वाकून तुकडे गोळा करू लागली. तिचं खरं नाव इथे कुणी विचारलंच नव्हतं. बोलत नाही म्हणून घुमी, बस्स. घरी आईबाबांचं बिनसलं होतं. "आमचं काय ते ठरू दे, तोवर तू आत्याकडे राहा," असं म्हणून त्यांनी तिला सुट्टीभरासाठी इकडे धाडलं होतं, पार्सल धाडावं तसं. आत्या नर्स. रात्रपाळी करून आली की दुपारपर्यंत झोपायची. त्या दोन खोल्यांत घुमी अनवाणी चालायची, नळ बारीक सोडायची. हातातून चमचा पडला, तर तो उचलायच्या आधी ती आत्याच्या दाराकडे बघायची. दिवसातून एकदा कुणीतरी "आली बघ घुमी!" असं म्हणायचं, ते फक्त या मैदानावर. आता तेही जाणार होतं.

"रडतेस का?" पुरवणीने विचारलं. ही लंबूची धाकटी बहीण. उत्तरपत्रिकेला जोडतात तशी कायम भावाला जोडलेली, म्हणून पुरवणी.

"नाही."

"रडलीस तरी चालेल. मी कुणाला सांगणार नाही."

"तू? तू तर भिंतीलाही सांगशील!" लंबू म्हणाला. मग त्याने डोकं खाजवलं. "पण काहीतरी घोळ आहे, घुमे. दातांच्या डॉक्टरांची दोन विमानं अशीच पडली. तीही चौऱ्याहत्तरवरच! सगळे म्हणतात, तो नंबरच अपशकुनी आहे."

"नंबर कसा अपशकुनी असेल? क्रिस्टल बघू आधी."

क्रिस्टल म्हणजे नखाएवढी चकचकीत डबी, खाली दोन तारांचे पाय. एक रिमोटमध्ये बसतो, त्याचा जोडीदार विमानातल्या रिसीव्हरमध्ये. दोघांवर एकच नंबर. नंबर जुळला की विमान फक्त आपल्याच रिमोटचं ऐकतं. पण एकाच नंबरचे दोन रिमोट एकदम चालू झाले, तर विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून तर शेडमधल्या फळ्यावर प्रत्येक नंबरचा एकच चिमटा. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच त्या नंबरचा रिमोट लावायचा.

घुमीने झाकणं उघडली. रिमोटचा क्रिस्टल रिमोटमध्येच होता, रिसीव्हरचा रिसीव्हरमध्येच. त्यांची अदलाबदल झाली असती तर विमान उडालंच नसतं. दोन्हींवर छापील ७४.

"आता लांबून चाचणी घेऊ," ती म्हणाली. "विमान मोडलंय, पण शेपटी अजून हलते. लंबू, पोटाशी घट्ट धर. मी रिमोटची एरियल मिटवून चाळीस पावलं मागे जाते."

सचिवसाहेब चहाला गेले होते. मैदान रिकामं होतं. घुमी शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत मागे सरकली आणि तिने दांडी हलवली.

"हलली! अगदी बरोबर!" तिकडून लंबू ओरडला.

तेवढ्यात शेडच्या खिडकीतून आत डोकावणारी पुरवणी किंचाळली, "भूत! भूत! आत शेपटी हलतेय!"

"कुणाची शेपटी?"

"साहेबांच्या लाल विमानाची! टेबलावर एकटंच आहे आणि शेपटी हलवतंय, कुत्र्यासारखी!"

घुमीने दांडी सोडली. "आता?"

"थांबली!"

"आता?"

"परत हलली! अगं बाई, तूच करतेयस हे!"

घुमी खिडकीशी धावली. साहेब रिसीव्हरचं बटण बंद करायलाच विसरले होते. पण ते फळ्यावरून कायम ७६ चा चिमटा घ्यायचे. मग शहात्तरचं विमान चौऱ्याहत्तरचं कसं ऐकतंय? तिने दांडी आणखी एकदा हलवून बघितली. लंबू मोडकं विमान घेऊन धावत आला. त्याने पुरवणीचं तोंड हाताने दाबून धरलं.

"यांचे क्रिस्टल चौऱ्याहत्तरचे आहेत," शेवटी ती म्हणाली. "फक्त यांनाच ते माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बैठक भरली. सचिवसाहेब खाकरले. "शिस्त म्हणजे शिस्त! मुलांच्या हलगर्जीपणामुळे..."

"एक मिनिट," घुमी म्हणाली.

"लहानांनी मध्ये बोलू नये!"

"बोलू द्या हो," दातांचे डॉक्टर म्हणाले. "इथे तोंड मिटायला सांगता, माझ्याकडे आलात की मीच उघडायला लावतो!"

हशा पिकला. घुमीचे कान लाल झाले, पण ती मागे हटली नाही. तिने ७४ चा चिमटा सगळ्यांना दाखवला आणि खिशाला लावला.

"साहेब, तुमचा रिमोट बंद ठेवा. विमानाचं बटण फक्त चालू करा."

"हा काय पोरखेळ..."

"करा ना!" चार-पाच जण एकदम म्हणाले.

साहेबांनी बटण लावलं. घुमीने आपली दांडी उजवीकडे नेली. लाल विमानाची शेपटी उजवीकडे. डावीकडे नेली. शेपटी डावीकडे. सगळे उठून टेबलाभोवती जमले!

डॉक्टरांनीच साहेबांच्या क्रिस्टलवरचा कागद नखाने खरवडला. वर साहेबांच्या अक्षरात ७६. खाली छापील ७४.

"मी... माझ्याकडे दोन जोड्या होत्या, एक चौऱ्याहत्तरची, एक शहात्तरची," साहेब पुटपुटले. "साफ करताना नंबर पुसट वाटले, म्हणून नवे कागद चिकटवले. अंदाजाने. पण माझं विमान तर मस्त उडत होतं! शेपटी मधूनच थरथरायची, मला वाटलं मोटर जुनी झाली."

"तुमचे दोन्ही क्रिस्टल एकाच जोडीतले होते, म्हणून उडत होतं," घुमी म्हणाली. "नंबर चुकला तर तुमचं काही बिघडत नाही, दुसऱ्याचं बिघडतं. तुम्ही शहात्तरचा चिमटा लावून इथे रिमोट तपासायचात आणि तिकडे आमची विमानं पडायची. काल तसंच झालं."

"शाब्बास, पोरी!" डॉक्टरांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. "काय डोकं आहे! आम्ही इतके शहाणे, कुणाला सुचलं नाही!"

"शाबासकी राहू दे," घुमी म्हणाली. "काल सगळ्यांसमोर म्हणालात, चूक तुझीच. तेव्हा कुणीच काही बोललं नाही."

टाळ्या थांबल्या. बरेच जण आपापल्या बुटांकडे बघू लागले.

सचिवसाहेबांनी टोपी काढली. "चूक माझी होती," ते मोठ्याने म्हणाले, अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "ठराव मागे घेतो. मैदान तुमचंही आहे. आणि तुझं विमान मी दुरुस्त करून देतो."

"नको. मीच करीन. फक्त..." घुमी अडखळली. "पंख चिकटवताना तो वाळेपर्यंत धरायला माणूस लागतं. दोन तास. आत्या तर तेव्हा झोपलेली असते."

"आम्ही येतो!" पुरवणी म्हणाली. "मी गप्प बसून धरीन!"

"दोन तास? तू?" लंबूने डोळे फिरवले.

"मीही येतो," साहेब म्हणाले. "इथे शेडमध्येच चिकटवू. उद्या किती वाजता येऊ?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"नऊला," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, "साडेआठला जमेल?"