केबल जोडलीच नव्हती

देवासमोर बसून खोटं लिहायची मला सवय नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. बीडमध्ये, गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी... ऐन दिवेलागणीला.

मी मॉनिटरिंग रूममध्ये कामाला आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच इमारतींची फायर अलार्म पॅनल आमच्या कॉम्प्युटरला जोडलेली आहेत. कुठं धूर निघाला, की त्या जागेचं नाव स्क्रीनवर लाल होतं. मग आम्ही तिथं फोन करायचा.

ती जोडणी आमचे हे करतात. त्या दिवशी हे माजलगावकडच्या एका जिनिंग मिलच्या कापूस गोदामात गेले होते. निघताना मला चिडवलं, "तुझी वात सांभाळ. न्हाईतर पहिला अलार्म तुझ्याच खोलीतून यायचा!"

माझा नेम आहे. सांजवात लावल्याशिवाय पाणी घेत नाही. म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात छोटं निरंजन ठेवते.

काडी ओढली...

आणि अलार्म वाजला.

'माजलगाव गोदाम. दार. धूर.'

वाटलं, जोडणी झाली, हे तपासून बघत असतील. फोन लावला.

लागेना.

'मधली रांग. धूर.'

'मागची भिंत. धूर.'

दाराकडून आत... एकेक नाव लाल होत चाललं होतं. म्हणजे बाहेर पडायची वाटच बंद!

वॉचमनला फोन लावला. "पंडितभाऊ, आग लागलीय! ह्यांना बाहेर काढा!"

"आग? मी दारातच बसलोय, वहिनी. धूर न्हाई, काई न्हाई. साहेब आतमदी शिडीवर हायेत. आन् जोडणी कुठं झालीय आजून? केबलचं भेंडोळं माज्या पायापाशी पडलंय."



केबल बाहेर... मग हा अलार्म येतोय कुठून?

"काहीही असू द्या, बोलवा त्यांना!"

"हाका मारतो की. पर मशिनी चालू हायेत, ऐकू जाईना..."

फोन कटला. परत लागलाच नाही.

मी काय करू? पन्नास किलोमीटरवरून काय करू? स्क्रीनला कपाळ टेकलं. तोंडातून एवढंच निघालं, "अहो, बाहेर या हो... माझ्या गळ्याची शपथ..."

अलार्म थांबला.

मग ह्यांचा फोन आला. धापा टाकत होते.

"अगं, तू कवा आलीस? कुठं हायेस?"

"मी? मी बीडलाच आहे."

"चेष्टा करू नको. शिडीखाली येऊन गळ्याची शपथ घातलीस... म्हणून तर पळत आलो."

तेवढ्यात फोनमध्ये ह्यांच्या मागून ओरडा झाला. कापसानं पेट घेतला होता... दाराजवळच.

आणि माझ्या स्क्रीनवर एकच ओळ लाल झाली.

'मागची भिंत. बटण दाबलं.'

आत अडकलेल्या माणसानं दाबायचं बटण!

"आत कोण आहे हो?"

"कुणी न्हाई. समदे बाहेर हायेत."

पंडितभाऊंनी फोन घेतला. आवाज अगदी खाली गेला होता.

"छबुबाई आसंल, वहिनी. कापूस निवडायची. मागं बी हितं आग लागली हुती, त्यात... ती बाहेर आलीच न्हाई."

गोदाम आता उरलेलं नाही. आमच्या कॉम्प्युटरमधून त्याचं नावही काढून टाकलंय.

तरी मी काडी ओढली, की ती ओळ उमटते.

माझं कुंकू राखलं तिनं. तिला बाहेर काढायला मी कुणाला फोन करू?

आज गुरुवार. घशाला कोरड पडलीय. वात भिजवून ठेवलीय. काडी हातात आहे...

ओढवत नाही.