राखून ठेवलेली जागा

दिवा जरा मोठा कर, मग सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

मोबाइलच्या टॉवरवर जागा मोजक्याच असतात. फोनवर बोलणारे आणि व्हिडिओ बघणारे त्याच वाटून घेतात. मला हे काम शिकवणारे उस्ताद एक जागा कायम बोलणाऱ्यासाठी राखून ठेवायचे. ते वारले आणि साहेबांनी ती रीत मोडली. तेव्हापासून डोंगरावरच्या टॉवरची ती जागा सतत भरलेली दिसू लागली. फोन मात्र कुणाचाच नाही.

"अडकलीय ती. मोकळी कर आणि व्हिडिओला दे," साहेब म्हणाले. "आज मॅचची फायनल आहे, लोक माझं डोकं खातील."

दुपारीच गेलो. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. टॉवरखालची खोली उघडली आणि लवंगेचा वास आला. उस्ताद सदानकदा लवंग चघळायचे. हेडफोन लावून ती जागा ऐकली. तिथे कुणीतरी संथ श्वास घेत होतं.

माझं बोट बटणाकडे गेलं.

"राहू दे..."

आवाज कानातच आला. मी हात मागे घेतला. मॅच सुरू झाली, बाकीच्या जागा भरल्या, नवे कॉल परत जाऊ लागले. आणि ती जागा आपोआप रिकामी झाली. श्वास थांबला. लगेच तिथे एक कॉल लागला.

"कंट्रोल रूम? ॲम्ब्युलन्स दरीत... झाडाला अडकलीय. आत पेशंट आहे..."

माझी धाकटी बहीण! ॲम्ब्युलन्स तीच चालवते.

"ताई, लाइन सोडू नका. माणसं निघालीत," पलीकडची बाई म्हणाली.

मी हेडफोन दोन्ही हातांनी धरून सगळं ऐकत बसलो. माणसं दोर घेऊन उतरली आणि उजेड असतानाच दोघांना वर घेऊन आली. त्या खोलीत मी एकटाच वेड्यासारखा नाचलो. साहेबांना फोन करून ठणकावलं, "ती जागा आता कुणाच्या बापाला मिळणार नाही!" साहेब चक्क हो म्हणाले.

संध्याकाळी बहिणीला मिठी मारली, तेव्हा ती म्हणाली, "दादा, फोन लागतच नव्हता रे. मग कुणी म्हातारा बोलला, 'बस पोरी, मी उठतो.'"

ती जागा पुन्हा भरलेली आहे. मी तिला हात लावत नाही. आज सकाळी मात्र शेजारचीही भरलेली दिसली. तिथेही फोन नाही. कान लावला, तर कुणीतरी धावत येऊन जागा धरल्यासारखं धापा टाकतंय...

बहिणीला सांगितलंय, आज गाडी काढू नकोस.