हिराजीच्या नाकावरची जखम

मिठागरात काम करताना कातडी फुटली, की जखम आठ-दहा दिवसांत बुजते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग हिराजीच्या नाकावरची जखम दोन वर्षं का बुजली नाही?

त्याच्या बारा वर्षांच्या लेकीला, जुईलीला, हे आता विचारवतही नव्हतं. २०६१ साल उजाडलं तरी मिठागरात जखमेवर औषध एकच, खारं पाणी. रोज संध्याकाळी तीच कापूस बुडवून बाबांच्या नाकाला लावायची. आज आरोग्यकेंद्रातल्या धीरू नावाच्या यंत्रमानवाने तपासून सांगितलं, हा त्वचेचा कर्करोग आहे.

"नाक वाचेल?" हिराजीने विचारलं.

"नाही. रोग आत कूर्चेपर्यंत (नाकातलं मऊ हाड) गेलाय. जीव मात्र वाचेल, हा सहसा अंगभर पसरत नाही."

जुईली मध्येच म्हणाली, "माझ्या खाऱ्या पाण्यानेच झालं."

"पाण्याने नाही, उन्हाने," धीरू म्हणाला. "तुमच्या मिठागराला उघाडी (भरतीचं पाणी अडवणारं दार) असते ना? त्वचेच्या पेशीवरही तसा एक ग्राही (बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन) असतो. त्याचं नाव पॅच्ड. निरोप येईपर्यंत तो दुसऱ्या एका प्रथिनाला दाबून ठेवतो. निरोप आला की सोडतो, मग पेशी वाढते, एकीच्या दोन होतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी (डोळ्यांना न दिसणारे जहाल किरण) हा ग्राही घडवणारं जनुकच बिघडवलं."

"दार मोडलं," जुईली हळूच म्हणाली. "आणि निरोप नसतानाही पेशी वाढत सुटल्या. पण बाबा तर टोपी घालायचे."

"पांढऱ्या मिठावरून परतलेलं ऊन टोपीखाली शिरतं. त्या दुसऱ्या प्रथिनाला आवरणारी गोळी आहे. तिने नाकातली गाठ आकसेल, मग शस्त्रक्रिया करून ती नाकासकट काढू. दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर दोन टाक्यांत भागलं असतं."

म्हणजे ती दोन वर्षं आपणच घालवली, असं जुईलीला वाटलं.

"आधी हिला बघ," हिराजी एकदम म्हणाला. "पाच वर्षांची असल्यापासून मीच हिला मिठात उतरवतोय."

धीरूने तिचं कपाळ, नाक, कान, मान सगळं सावकाश तपासलं.

"अजून काही नाही. तोंड झाकून काम केलं आणि दरवर्षी दाखवलं, तर हिचं नाक जाणार नाही."

स्वतःचं नाक जाणार हे ऐकून डोळ्यांत टिपूस न आणलेला हिराजी आता हुंदके देऊन रडू लागला.