देवगडच्या सड्यावरचा हात

मंगळावर बसून देवगडातून गप्पा मारायच्या, यात मंदाकिनी धुरीला आता काही नवल वाटत नसे. रविवारी वसाहतीच्या पाणीशुद्धी विभागातली पाळी संपली की ती आपल्या खोलीत येई, मोर्सची पितळी कळ पुढ्यात ओढून घेई आणि डोळे मिटून ऐकू लागे. तिचं हौशी रेडिओ केंद्र देवगडच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, होतं, वडिलांनी उभारलेल्या मनोऱ्याखालच्या खोपीत. तिथे माणूस कोणी नव्हतं. यंत्रं होती, मनोऱ्यावरून ताणलेल्या तारा होत्या, आणि हे सगळं संगणकाच्या जाळ्यातून मंदाच्या हाती होतं. इकडे तिने कळ दाबली की तिकडे टिकटिक होई, आणि वेंगुर्ल्याला तिचा थोरला भाऊ भालचंद्र कान टवकारून बसलेला असे. वडिलांनी दोघांना लहानपणीच मोर्स शिकवलं होतं, आणि दोघं त्यात चक्क मालवणी बोलत.

हाती होतं म्हणायचं ते आपलं कौतुकाने. मंगळावरून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने धावला तरी पृथ्वी गाठायला कधी चार-पाच मिनिटं घेतो, कधी वीस. भावाने "जेवलंस काय?" विचारावं आणि बहिणीचं "होय" त्याचं स्वतःचं जेवण होऊन, हात धुऊन, पान खाऊन झाल्यावर पोचावं, याला कोणी गप्पा म्हणत नाही. रेडिओवाल्यांचा जीव तर तोंडाला तोंड देण्यात. मंदाचे वडील सांगत, "हाक इली की आदी उत्तर देवचा, कारणा मगे."

यावर उपाय म्हणून 'अग्रहस्त' निघाला. नाव भारदस्त असलं तरी अर्थ सरळ आहे: मालकाच्या पुढे धावणारा हात. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात निराळा असतो. कोणाची रेघ लांबते, कोणाचा ठिपका तुटका येतो, कोणी नेमका ठरावीक अक्षरापाशी अडतो. मुरलेला माणूस नाव न विचारता सांगतो, पलीकडे कोण आहे ते. केंद्रात बसवलेला अग्रहस्त मालकाचे हजारो संदेश ऐकून त्याचा हात शिकतो, आणि हाताबरोबर माणूसही. मग कोणी काही विचारलं की मालकाने काय उत्तर दिलं असतं याचा अंदाज करून ते तिथल्या तिथे पाठवून देतो. मालकाला दोन्ही बाजू मागाहून ऐकू येतात. जबाबदारी मात्र कायद्याने माणसाचीच. प्रत्येक उत्तरावर दिवसाच्या आत 'मान्य' किंवा 'रद्द' द्यावं लागतं. रद्द केलं, तर केंद्र त्याच लहरीवर जाहीर करतं की ते बोलणं मालकाचं नव्हतं.

मंगळावर आल्यापासूनच्या सात वर्षांत मंदाने एकदाच रद्द केलं होतं. अग्रहस्ताने वहिनीच्या हातच्या बांगडा माशाच्या तिखल्याची तोंडभरून स्तुती केली होती, आणि त्या तिखल्यात तिरफळं नेहमी जास्त पडतात असं मंदाचं प्रामाणिक मत होतं. वहिनी महिनाभर बोलली नाही. आता वहिनी राहिली नव्हती, आणि ते रद्द केल्याची मंदाला चुटपुट लागून होती.

एरवी तिची पद्धत चोख होती. भावाचा प्रश्न ऐकला की ती ध्वनिमुद्रण थांबवी, न जोडलेल्या कळीवर आपलं उत्तर आधी वाजवी, आणि मग अग्रहस्ताचं ऐकून ताडून पाही. आधी आपला हात, मग त्याचा. बहुतेक वेळा दोन्ही जुळत, आणि तिला फार बरं वाटे.

त्या रविवारी भालचंद्राने विचारलं, "परतीच्या बोटीची वेळ झाली मां? येतलंस काय गो?"

मंदाने ध्वनिमुद्रण थांबवलं. हाच प्रश्न ती वर्षभर टाळत होती. या यानानंतरचं यान तीन वर्षांनी होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तोवर तिची हाडं पृथ्वीचं वजन पेलणार नाहीत. आता नाही तर कधीच नाही. इथे तिचं काही वाईट चाललेलं नव्हतं. काम आवडीचं होतं, माणसं जिवाला जीव देणारी होती, दिव्याखाली लावलेली मेथीसुद्धा झकास येत होती. तिकडे एकटा पडलेला भाऊ होता. तिचा हात कळीवर नुसता राहिला. शेवटी पहिल्यांदाच तिने पद्धत मोडली आणि आधी अग्रहस्ताचं ऐकलं.

"येतलंय. ह्याच बोटीन."

आणि मग भालचंद्राचा चुकत-माकत धावणारा हात: "तुझ्या खोलयेक उद्याच चुनो काढतंय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणावं तर याला जीभसुद्धा नाही. मंदा तणतणत डॉ. निस्सीम पेणकरांकडे गेली. पेणकर मूळचे अलिबागकडचे, आणि वसाहतीतले सगळे अग्रहस्त त्यांच्या देखरेखीखाली होते.

"डॉक्टर, मी काही ठरवलंच नव्हतं. मग यानं कुठून आणलं?"

"तो तुमचं मन वाचत नाही, मंदाताई. हात वाचतो." पेणकरांनी पडद्यावर दोन आलेख उघडले. "इथल्या कामाचं सांगताना तुमचा हात बघा, किती ठाय लयीत आहे. आणि भाऊ घराचं बोलले की हा बघा, घाईला येतो. गेली दोन वर्षं हेच चाललंय. त्यानं हिशेब केला, या हाताचं उत्तर 'येते' असंच असणार."

"म्हणजे मला ठाऊक नाही ते त्याला ठाऊक?"

"असेल. चुकलाही असेल. रद्द करायची सोय आहे तुमच्याकडे."

"भाऊ चुन्याची बादली घेऊन उभा असेल हो तिकडे."

"ते माझ्या विज्ञानाबाहेरचं आहे," पेणकर हसले.

मंदाने आलेख पुन्हा निरखला. "भाऊला ऐकू जातो तो हात हाच?"

"नाही, तो तुम्ही निघालात तेव्हा नोंदलेला. इथे वजन कमी, त्यामुळे आपणा सगळ्यांचेच हात पसरट झालेत. घरच्यांना परकं वाटू नये म्हणून, तुम्ही स्वतः पाठवलेलंसुद्धा, तिकडे जुन्याच हातानं वाजवतो आम्ही."

ही सोय तिला तेव्हा चांगलीच वाटली. खोलीत परत येऊन तिने भावाचा प्रश्न पुन्हा लावला, थांबवला, आणि कळीवर बोट ठेवलं. हात आपोआप चालला. येतलंय. ऐकलेलंच वाजवलं की मनातलं, हे तिला सांगता आलं नसतं. पण वाजवून झाल्यावर तिला रडू आलं आणि हलकं हलकं वाटलं, तेवढ्यावर तिने 'मान्य' दिलं.

प्रवास संपला. मग इस्पितळात पुन्हा चालायला शिकणं आलं. घरी कधी सोडणार हे तिने भावाला मुद्दाम कळवलं नाही. इस्पितळाच्या गाडीने ती थेट देवगडला सड्यावर उतरली. काठी टेकत खोपीत शिरली, चुलीशेजारच्या वडिलांच्या खुर्चीत बसली आणि खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे पोटभर बघितलं. तिला इतकं सुख झालं होतं की हसू दाबवत नव्हतं. आज मधे कोणी नको म्हणून तिने अग्रहस्ताचं बटण बंद केलं. मनगट शिशाचं झाल्यासारखं जड होतं, तरी तिने सावकाश, नीट वाजवलं.

"भाऊ, मी मंदा. देवगडाक इलंय."

वेंगुर्ल्याहून लगेच उत्तर आलं. "कोण ता?"

"मंदा."

"मस्करी नको. माझ्या बहिणीचो हात मी वळाखतंय. ह्यो तिचो न्हय."

तिने पुन्हा वाजवलं, जास्त जपून, आणि त्यामुळे ते जास्तच परकं झालं. रेडिओवाला अनोळखी माणसाशी उद्धटपणा करत नाही, नुसता थांबतो. मंदा कळीकडे बघत राहिली. सात वर्षं भाऊ दर रविवारी ज्या हाताशी बोलला, ज्याला त्याने वहिनीचं जाणं सांगितलं, तो हात तिचा नव्हता.

शेवटी तिने बटण पुन्हा चालू केलं आणि कळीकडे हात नेला. तो पोचायच्या आत, केंद्राने नोंदलेलं मघाचं बोलणं वाचून, यंत्र वाजू लागलं होतं.

"भाऊ, इलंय. देवगडाक."

"हां, आता कसा! मगाशी कोण बसलेला गो थय?"

"कोण नाय. पावणी होती."

मंदाला खुदकन हसू फुटलं. तिनेही अगदी हेच म्हटलं असतं. पलीकडे भालचंद्र 'गाडी काढतंय, चाय ठेव' असं भराभर वाजवत होता. पडद्यावर 'मान्य' आणि 'रद्द' अशा दोन चौकटी उजळल्या. मंदाने 'मान्य' दाबलं, आणि पाहुणीने उठून चहाचं आधण ठेवलं.