शिट्टी देऊन सुटलेले इंजिन

दुपारी अडीचला जिना चढून आलेली मुलगी खुर्चीला टेकायच्या आधीच म्हणाली, "सहा वाजेपर्यंत मला कळायला हवं, चूक माझी आहे की माणसाची."

"बहुतेक माणसाचीच असते," वहिनी म्हणाल्या. "बसा आधी."

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वहिनींची चौकशी कचेरी होती. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते इथे मदतनीस झाले होते. ते ऐकलेले सगळे वहीत उतरवून घेत. वहिनी काही लिहीत नसत आणि काही विसरत नसत, आणि याचा भावजींना गेली अकरा वर्षे राग येत होता.

मुलीने सात वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, एक ॲप बनवले होते. फोनवरून छोट्या आगगाड्या चालवायचे.

"खेळण्यातल्या?" भावजींनी विचारले.

"गाड्या चालवणाऱ्यांसमोर खेळणं म्हणू नका, चहा मिळणार नाही. मॉडेल म्हणायचं." तिने फोन टेबलावर ठेवला. "स्टोअरवाले इतकं जुनं ॲप ठेवत नाहीत. महिन्याची मुदत दिली होती, ती आज सहाला संपते. नवीन आवृत्ती तयार आहे. एक बटण दाबलं की जाईल. नाही गेली तर ॲप तिथून काढून टाकतील. मग ज्याचा फोन बिघडला, त्याचं ॲप कायमचं गेलं."

"मग दाबा की बटण," भावजी म्हणाले.

"या गाड्यांच्या हौशी लोकांचं मंडळ दर रविवारी घड्याळवाल्यांच्या घरी जमतं. या रविवारी तिथे एक इंजिन आपोआप सुटलं आणि पुलावरून पडून फुटलं. तिथे कोणीही त्याला हात लावलेला नव्हता. सगळे म्हणतात, ॲप जुनं झालं, भरकटलं. मी तीन दिवस ओळ न् ओळ तपासली. काही सापडत नाही. पण खोट असेल तर मी ते लोकांच्या हातात देणार नाही. जाऊ दे मग."

"गेलं तर कोणाचं अडेल?" वहिनींनी विचारले.

"घड्याळवाल्यांचं. त्यांचे हात कापतात. नव्या ॲपांत बारीक बटणं आणि लांबलचक याद्या. माझ्या ॲपमध्ये एक मोठा दांडा आहे, तो खाचेखाचेला अडकतो. हात थरथरला तरी गाडी थरथरत नाही. बाकी सगळी चित्रं. शिट्टीचं चित्र दाबलं की शिट्टी. फोनमध्ये घेतलं की लगेच गाडी चालवता येते, काही भरायला लागत नाही, वाचायला लागत नाही."

वहिनींनी पायात चपला सरकवल्या. "चला भावजी. पेनला टोपण लावा."

घड्याळवाल्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मोठी खोली होती. भिंतीच्या कडेने छातीइतक्या उंचीच्या फळ्या, त्यांवर डोंगर, बोगदे, स्टेशने आणि रूळच रूळ. घड्याळवाले सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केलेली त्यांची बोटे आता कपड्याचा बोळा धरून रूळ पुसत होती, आणि पुसता पुसता कापत होती.

"चार दिवस गाडी फिरली नाही की रूळ काळवंडतात," ते म्हणाले. "मग घासत बसावं लागतं."

कोपऱ्यात एका रुमालावर काळ्या इंजिनाचे तुकडे ओळीने मांडलेले होते.

"माझं पहिलं इंजिन. काचेच्या पेटीत असतं. वर्षातून एकदा बाहेर काढतो. रविवारी चारला पुलाच्या हातभर अलीकडे उभं केलं. मी टॅबलेटवर मालगाडी चालवत होतो. एकदम ह्याने शिट्टी दिली. मग सावकाश निघालं, एकेक खाच वाढवत. पूल अजून अर्धाच आहे. मी ओरडेपर्यंत गेलं खाली."

"शिट्टी दिली?" वहिनींनी विचारले.

"माझ्या घरात शिट्टीशिवाय गाडी हलत नाही. पण मी हलवली नव्हती."

"रुळांत वीज कायम असते?"

"छे. रविवारी चार ते सहा. एरवी मुख्य बटण बंद. आमच्या हिचा हुकूम आहे."

निरोप गेल्यामुळे मंडळाची बाकी दोन माणसेही आली होती. पहिले दातांचे डॉक्टर. मंडळाचे चिटणीस तेच, आणि हे सोडून दुसरे, नवे ॲप घ्या असा आग्रह धरणारेही तेच.

"माझ्यावर संशय असेल तर हा फोन बघा," ते म्हणाले. "जुनं ॲप मी महिन्यापूर्वीच उडवलं. नवं त्या वेळी बंद होतं आणि फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. आणि खरं सांगू का, ते शिट्ट्या मारणं मला पोरकट वाटतं. मी मारत नाही."

"तुमचं आणि घड्याळवाल्यांचं दर रविवारी यावरून वाजतं म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"वाजतं. पण दात काढायचा तर मी तोंडावर सांगून काढतो बाई. मागून धक्का देत नाही."

वहिनी मुलीकडे वळल्या. "ॲप कोणत्या इंजिनाला हुकूम देतंय ते कळतं कसं?"

"नंबरावरून. हुकूम सगळ्या रुळांत जातो, पण ज्याचा नंबर तेवढंच इंजिन ऐकतं. दोघांना एकच नंबर असेल तर दोन्ही हलतील. ते मी पहिल्याच दिवशी विचारलं."

डॉक्टरांनी खिशातून यादी काढली. "बावीस इंजिनं, बावीस नंबर. एक ते बावीस. काळ्याचा तीन. मी स्वतः ताडून पाहिलेत."

दुसरा गडी क्रेन चालवणारा, आडदांड आणि मऊ आवाजाचा. तो अर्धा पूल बांधणारा तोच. रविवारी चारला त्याचे दोन्ही हात पुलासाठी कालवलेल्या ओल्या प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत बुडालेले होते. हे डॉक्टरांनीही पाहिले होते.

"काळ्याशी माझं काय वैर असणार?" तो म्हणाला. "काका माझ्या पुलाला शिडी म्हणतात, तेवढं लागतं मनाला."

"तुम्ही शिट्टी देता?"

"देतो तर. कामावरसुद्धा भोंगा दिल्याशिवाय मी क्रेन हलवत नाही. नंबराच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचा एकदा ओरडा खाल्लाय. मागच्या वर्षी नवं इंजिन आणलं आणि नंबर बदलायला विसरलो. कारखान्यातून सगळी तीन नंबर लावूनच येतात."

भावजींनी वहीत 'भोंगा' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

शेजारच्या खोलीतून काकू चहा घेऊन आल्या. घड्याळवाल्यांच्या पत्नी, ठेंगण्या, ताठ, नाकावर माशी बसू न देणाऱ्या.

"फुटलं ते फुटलं," त्या कप ठेवत म्हणाल्या. "तीन दिवस झाले, घरात कोणी गेल्यासारखे बसलेत. माणसं वयाने मोठी होतात. हे नुसते उंचीने झाले."

घड्याळवाले रूळ पुसत राहिले. त्यांना सवय होती.

"तुमची खोली बघू का ताई?" वहिनींनी विचारले.

"बघा की. तीही ह्यांनी सोडलेली नाही."

इस्त्रीची खोली अरुंद होती. इस्त्रीचे टेबल, शिवणाचे मशीन, आणि भिंतभर एक लांब फळी. मोठ्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून दोन रूळ इकडे आणलेले होते, ते त्या फळीवरून शेवटपर्यंत गेले होते. फळीच्या टोकाला घडी केलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे यांची चळत उभी होती.

"म्हणे गाड्या उभ्या करायला जागा हवी," काकू म्हणाल्या. "दोन वर्षांत एक गाडी इकडे फिरकली नाही. पण रूळ उचलतील तर शपथ."

वहिनींनी रुळावरून बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले.

"रविवारी चारला तुम्ही इथेच?"

"दर रविवारी चार ते सहा मी इस्त्री करते. त्यांचा तो खडखडाट चालू असतो, त्यात माझं काम उरकतं."

"घरात दोघंच ना तुम्ही?"

"लेक लग्न होऊन गेली. दोघंच."

बोलता बोलता काकूंनी एका झटक्यात सुईत दोरा ओवला आणि शर्टाचे बटण लावायला घेतले. शिवणाची रिळे एका खोक्यात होती. खोक्यात आतून राखी स्पंज, त्याला मधोमध कोरलेला एक लांबट खळगा, आणि त्या खळग्यात रिळे ओळीने बसवलेली.

"छान सोय आहे," वहिनी म्हणाल्या.

"टाकाऊ खोकं. पडलं होतं कुठेतरी." काकूंनी मशीनवरचा एक कागद भावजींपुढे धरला. "हे जरा वाचून सांगता का? माझा चष्मा कुठे पडलाय देव जाणे."

"उद्या दहा ते बारा वीज नाही," भावजींनी वाचून दाखवले. काकूंच्या कमरेला लावलेला जुना, तडा गेलेला फोन तेवढ्यात वाजला. लेकीचा होता. लेकीनेच दिलेला, बोलण्यापुरता, असे काकूंनी न विचारता सांगितले.

पाच वाजून गेले होते. जिन्याच्या वळणावर भावजींनी वहिनींना गाठले.

"क्रेनवाला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "भोंगा, म्हणजेच शिट्टी. आणि पुलाला शिडी म्हटल्याचा राग."

"हात प्लास्टरमध्ये होते भावजी. फोन काय नाकाने चालवला?"

"मग डॉक्टर."

"ज्याला काळं फोडायचंय तो शिट्टी कशाला देईल? धाडकन सोडून देईल. हे तर एकेक खाच वाढवत गेलं. चालवणाऱ्याला गाडीची माया होती. फक्त ती गाडी ही नव्हती."

भावजींनी वहीत पाहिले. वहीत असे काही नव्हते.

साडेपाचला सगळे मोठ्या खोलीत जमले. काकू दारात उभ्या राहिल्या, हातात इस्त्री केलेला शर्ट.

"ॲप भरकटलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "भरकटलेलं यंत्र आधी शिट्टी देत नाही. ती शिट्टी माणसाने दिली, आणि याच घरची शिस्त पाळून दिली. पण चालवणाऱ्याचं लक्ष पुलाकडे नव्हतं. का? कारण त्याला पूल दिसतच नव्हता. तो दुसरंच इंजिन चालवत होता."

"बावीस इंजिनं, बावीस नंबर," डॉक्टर म्हणाले.

"यादीत. नवं इंजिन तीन नंबर घेऊन येतं, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्ही तो बदलता. ज्याने मंडळाला न सांगता इंजिन आणलं, त्याला हे कोण सांगणार? आणि फोनमध्ये घेतलं की काही न भरता गाडी चालते, म्हणजे ॲपही आपणहून तीनच नंबर धरतं. काळंही तीन नंबरचं. ते पेटीत होतं तोवर काही बिघडलं नाही. रविवारी ते वर्षातून एकदाचं बाहेर आलं, आणि एकाच हुकमावर दोन्ही निघाली. नव्याच्या पुढे मोकळा रूळ होता. काळ्याच्या पुढे अर्धा पूल."

"पण दुसरं इंजिन होतं कुठे?" क्रेनवाल्याने विचारले. "इथे तर आम्ही तिघंच."

"रूळ या खोलीत संपत नाहीत. पलीकडच्या फळीवर दोन वर्षांत गाडी गेली नाही म्हणतात. घड्याळवाले म्हणतात, चार दिवसांत रूळ काळवंडतात. ते रूळ चकचकीत आहेत. माझ्या बोटाला धूळ लागली नाही. आणि वीज फक्त रविवारी चार ते सहा. दोन माणसांच्या कपड्यांना दोन तास इस्त्री मी अजून कुठे पाहिलेली नाही."

काकू हातातल्या शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या.

"रिळांच्या खोक्यात इंजिनाएवढा खळगा आहे, एवढंही पुरे. पण पुरावा हवा. घड्याळवाले, बटण लावा. मुली, तुझ्या फोनवर तीन नंबर घे. शिट्टी दे."

घड्याळवाल्यांनी दोन्ही हातांनी बटण ओढले. रुमालावरचे काळे इंजिन तुकड्यांत पडलेले होते, ते आता शिट्टी देणार नव्हते. मुलीने चित्रावर बोट ठेवले.

शिट्टी वाजली. भिंतीपलीकडे, चादरींच्या चळतीमागून. बारीक आणि स्वच्छ.

डॉक्टर उठून तिकडे निघाले.

"अभ्र्यांना हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "आत्ताच इस्त्री केलीय. मी काढते."

त्या आत गेल्या आणि तळहातावर एक हिरवे इंजिन घेऊन आल्या. ते फळीवर ठेवले आणि ताठ उभ्या राहिल्या.

"मीच. सहा महिने झाले. दुकानात बोट दाखवून आणलं. लेकीने फोनमध्ये ते ॲप घालून दिलं, कोणाला न सांगण्याच्या अटीवर. चाळीस वर्षं ह्यांना पोर म्हणाले, आता कोणत्या तोंडाने सांगू, की मलाही आवडतं? पलीकडे धप्प झालं तेव्हाच मला कळलं, माझ्याच हातून काहीतरी झालं. गप्प बसले. ॲपवर आळ आला, मी येऊ दिला." त्या ॲपवाल्या मुलीकडे वळल्या. "पण ते जाणार असेल तर माझंही जातंय. दुसरं मला जमायचं नाही. मला अक्षर येत नाही. ह्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांना आत्ता कळलं, कळू दे."

भावजींना सुई आठवली, चष्म्याशिवाय ओवलेली. त्यांनी वही मिटली.

घड्याळवाल्यांनी वाकून हिरवे इंजिन निरखले.

"शिट्टी आधी दिलीस?" त्यांनी विचारले.

"दिली. भिंतीआडून चाळीस वर्षं तेच तर ऐकतेय."

"खाच खाच वाढवलीस?"

"एकेक."

"मग चालवण्यात चूक नाही," घड्याळवाले म्हणाले. "पूल अर्धा होता."

"शिडीच म्हणा," क्रेनवाला पुटपुटला.

सहाला अकरा मिनिटे होती. मुलीने फोन उघडला आणि बटणावर बोट नेऊन थांबली. "काकू, पुढच्या वेळी यात काय सुधारू?"

"अक्षरं घालू नकोस. बाकी बरं आहे."

मुलीने बटण दाबले. पडद्यावर एक हिरवी खूण उमटली. नवीन आवृत्ती गेली.

डॉक्टरांनी यादी काढली, पेन काढले आणि घसा साफ केला. "तेविसावं इंजिन नोंदवतो. पण काकू, तुमचा नंबर आता बदलावा लागेल. तीन ह्यांचा आहे."

"माझा कशाला?" काकूंनी हिरवे इंजिन उचलून रुळावर ठेवले. "तीन नंबरवर सध्या एकच गाडी धावतेय. ह्यांचं दुरुस्त होईल, तेव्हा ह्यांचा बदला."

डॉक्टरांनी घड्याळवाल्यांकडे पाहिले.

"लिहा," घड्याळवाले म्हणाले, आणि टॅबलेट बाजूला ठेवून त्यांनी बायकोला फळीजवळ जागा करून दिली.

काकूंनी कमरेचा फोन काढला. आधी शिट्टी दिली.